'अर्थपूर्ण' जामीन : एका मथळ्यातून उभे राहिलेले न्यायालय अवमानाचे प्रकरण

महाराष्ट्रातील एका जिल्हा दैनिकाचे हे प्रकरण आहे. माणसे, गाव आणि वृत्तपत्र ओळखू येईल असा तपशील काढून टाकला आहे. घटना जुलै २०२४ पूर्वीची असल्याने फौजदारी कलमे जुन्या संहितांची आहेत.

पार्श्वभूमी

नदीपात्रातून चोरटी वाळू उपसणाऱ्यांवर महसूल पथकाने रात्री छापा घातला. पथकातील तलाठ्याला धक्काबुक्की झाली. पोलिसांनी भारतीय दंड संहितेचे कलम ३७९ (चोरी) आणि कलम ३५३ (सरकारी कामात अडथळा) लावून एका वाळू ठेकेदारासह तिघांना अटक केली. तालुक्यात संताप होता. ठेकेदाराचा जामीन अर्ज सत्र न्यायालयाने फेटाळला, त्याचे सगळ्यांनी स्वागत केले.

या कलमांच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर पोलिसांना ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावे लागते. फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे असतील तर ९० दिवस मिळतात. इथे ते लागू नव्हते. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही आणि आरोपी जामीनदार द्यायला तयार असेल, तर त्याला सोडावेच लागते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) मधील ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये आहे. वकील तिला 'डिफॉल्ट बेल' म्हणतात. गुन्हा किती गंभीर आहे, आरोपी किती बदनाम आहे, याचा विचार या अर्जावर न्यायदंडाधिकाऱ्याने करायचाच नसतो. त्याने फक्त दिवस मोजायचे असतात.

साठ दिवस संपले. पुढच्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच ठेकेदाराच्या वकिलाने अर्ज दिला. दुपारी साडेतीनच्या सुमारास तपास अधिकारी दोषारोपपत्र घेऊन आले. पाचच्या आत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी तीन पानी आदेश देऊन जामीन मंजूर केला. आरोपीने अर्ज केला आणि जामीन देण्याची तयारी दाखवली की त्याचा हक्क पक्का होतो, नंतर आलेल्या दोषारोपपत्राने तो बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात २००१ मध्येच सांगितले आहे. आदेशाच्या दुसऱ्या पानावर हा निवाडा नमूद होता.

आवारात उभ्या असलेल्या दैनिकाच्या तालुका वार्ताहराला मात्र तीन गोष्टी दिसल्या. वरच्या न्यायालयाने जामीन फेटाळलेला असताना खालच्याने तो दिला. दोषारोपपत्र दाखल होऊनही दिला. आणि एका वकिलाने चहाच्या टपरीवर सांगितले की ठेकेदाराच्या भागीदारी संस्थेतला एक भागीदार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सासरकडचा आहे. तिन्ही गोष्टी संशय यावा अशाच होत्या, हे मान्य करायला हवे. पहिल्या दोन्हींचे उत्तर त्या तीन पानांत होते. ती पाने वार्ताहराने मागितली नाहीत.

मथळा कसा तयार झाला

वार्ताहराने पाठवलेला मथळा होता : 'वाळू ठेकेदाराला जामीन, वकीलवर्गात आश्चर्य'. हा मथळा कच्चा होता, पण त्यात कोणाच्या हेतूबद्दल काही नव्हते. रात्री साडेदहाला पान सोडायचे होते. उपसंपादकाने तो बदलून 'वाळूसम्राटाला "अर्थपूर्ण" जामीन?' असा केला आणि मजकुरातले सासरकडच्या नात्याचे वाक्य उचलून चौकटीत टाकले : 'संबंधित न्यायाधीशांचे निकटवर्तीय ठेकेदाराचे भागीदार असल्याची जोरदार चर्चा'. बातमी पहिल्या पानावर चार कॉलमांत लागली. संपादक त्या दिवशी बाहेरगावी होते.

मराठी वृत्तपत्रांत 'अर्थपूर्ण' या शब्दाला अवतरणचिन्ह लावले की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला, वाचणाऱ्याला ठाऊक असतो. अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि 'चर्चा आहे' या तीन आधारांवर कितीही मोठा आरोप सुरक्षितपणे छापता येतो, असा समज अनेक डेस्कवर आहे. अवमानाच्या कायद्यात या तिन्हींचा उपयोग शून्य आहे. पर्स्पेक्टिव्ह पब्लिकेशन्स विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात (निकाल १९६८) लेखात न्यायमूर्तींवर थेट आरोप नव्हता. निकाल आणि एक बँक कर्ज यांची कहाणी शेजारी शेजारी मांडून निष्कर्ष वाचकावर सोडला होता. सूचित केलेला अर्थ हाच लेखाचा अर्थ मानून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

दुसऱ्या दिवशी वकील संघाने निषेधाचा ठराव केला. इथे दैनिकाला पहिली संधी होती. आदेशाची प्रत मागवून त्याच दिवशी खुलासा छापला असता तर प्रकरण बहुधा तिथेच मिटले असते. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर स्तंभ आला : आम्ही दबावाला भीक घालत नाही, जनतेच्या न्यायालयात हा विषय नेऊ. एका बातमीची मालिका झाली, आणि चूक अनवधानाने झाली असे म्हणण्याची वाट दैनिकाने स्वतःच बंद केली.

प्रश्न नेमका कोणता

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम २(ग) मध्ये फौजदारी अवमानाचे तीन प्रकार आहेत : न्यायालयाची अप्रतिष्ठा करणारा किंवा त्याचा अधिकार खालावणारा मजकूर, चालू कार्यवाहीवर विपरीत परिणाम करणारा मजकूर, आणि न्यायदानात इतर कोणत्याही रीतीने अडथळा. शिक्षा कलम १२ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा टीका अडवत नाही. आदेश चुकीचा आहे, कायद्याचा अर्थ चुकला आहे, पुराव्याकडे दुर्लक्ष झाले आहे, हे कितीही कडक शब्दांत म्हणता येते. कार्यवाहीचे प्रामाणिक आणि अचूक वृत्त देण्याला कलम ४ चे, तर अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करण्याला कलम ५ चे संरक्षण आहे. आदेश चुकला असे म्हणणे आणि आदेश विकला गेला असे म्हणणे यांच्यामध्ये रेषा आहे. दैनिकाने पहिल्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. आदेश वाचलाच नव्हता, तर चूक दाखवणार कशी?

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा निर्णय

अशा प्रकरणात ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते. न्यायाधीशाला वृत्तपत्राला उत्तर देता येत नाही, पत्रकार परिषद घेता येत नाही. कनिष्ठ न्यायालयाला अशा लेखनाबद्दल अवमानाची शिक्षा देण्याचा अधिकार नाही. तो कलम १० नुसार उच्च न्यायालयाचा आहे. कलम १५(२) नुसार कनिष्ठ न्यायालय उच्च न्यायालयाकडे संदर्भ, म्हणजे अवमानाची दखल घ्यावी असे लेखी कळवणे, पाठवू शकते किंवा महाधिवक्ता (राज्य सरकारचे सर्वोच्च विधी अधिकारी) अर्ज करू शकतात.

पर्याय तीन होते. दुर्लक्ष करणे हा पहिला, आणि किरकोळ टोमण्यांबाबत तोच योग्य. दुसरा, वैयक्तिक बदनामीची फिर्याद. तिसरा, संदर्भ. न्यायाधीशाची व्यक्तिगत बदनामी आणि न्यायदानाला धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अवमानाचा अधिकार दुसरीसाठी आहे, असे ब्रह्म प्रकाश शर्मा प्रकरणात १९५३ मध्ये सांगितले गेले. इथे आरोप न्यायाधीशाच्या खासगी वागण्यावर नसून एका विशिष्ट आदेशामागे पैसा असल्याचा होता, आणि त्याच न्यायालयात रोज शंभरावर पक्षकार येत होते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तिसऱ्या दिवसाच्या स्तंभानंतर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत संदर्भ पाठवला. सोबत दोन्ही अंकांची मूळ पाने, संकेतस्थळावरच्या बातमीच्या छापील प्रती, जामिनाचा आदेश आणि त्या दिवसाचा रोजनामा जोडला. रोजनाम्यात अर्ज आणि दोषारोपपत्र दाखल झाल्याच्या वेळा होत्या. पुढे सगळ्यात उपयोगी पडला तो हाच कागद.

पहिल्या बातमीनंतर लगेच संदर्भ न पाठवता थांबणे योग्य होते का, यावर मतभेद होऊ शकतात. आमच्या मते योग्य होते. सुधारायला जागा दिली गेली होती, हे खंडपीठाला त्यामुळे दिसले. कलम २० नुसार एक वर्षाची मुदत असल्याने घाईची गरजही नव्हती.

नोटीस आणि समोरचे पर्याय

उच्च न्यायालयाने दखल घेऊन संपादक, मुद्रक-प्रकाशक आणि वार्ताहर अशा तिघांना नोटीस काढली. अशी नोटीस कलम १७ नुसार सामान्यतः जातीने बजावली जाते, आणि सुनावणी कलम १८ नुसार किमान दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे होते. उपसंपादकाला नोटीस नव्हती, कारण मथळा त्याने केला हे बाहेर कोणालाच माहीत नव्हते. संपादकांचा पहिला विचार होता की आपण गावात नव्हतो, म्हणून सुटू. पण अंकावर संपादक म्हणून ज्याचे नाव असते त्याने मजकूर निवडला, असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, परंतु तिसऱ्या दिवशीचा स्तंभ त्यांच्याच नावाने होता.

वकिलासोबतच्या पहिल्या बैठकीत पाच वाटा चर्चेला आल्या.

सत्याचा बचाव. २००६ च्या दुरुस्तीने कलम १३(ख) आले. लोकहित आणि प्रामाणिक हेतू याबद्दल न्यायालयाची खात्री पटली तर सत्य हा बचाव मांडायची परवानगी ते देऊ शकते. परवानगी मागावी लागते आणि मग सिद्ध करावे लागते. बथिना रामकृष्ण रेड्डी प्रकरणात (१९५२) एका तेलुगू साप्ताहिकाच्या संपादकाने न्यायदंडाधिकारी लाच घेतात असे छापले होते. आरोप खरे असते तर ते उघड करणे लोकहिताचेच ठरले असते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण संपादकाने ते सिद्ध करण्याचा प्रयत्नच केला नव्हता, म्हणून शिक्षा कायम राहिली. दैनिकाच्या हातात काय होते? टपरीवरचे एक वाक्य. वकिलाने भागीदारी संस्था निबंधकांकडून नोंदीचा उतारा मागवला. पाच भागीदारांपैकी एकाचे आडनाव न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सासरच्या आडनावासारखे होते. त्या पट्ट्यात दर दहा घरांमागे एक घर त्या आडनावाचे निघते. नाते नव्हते. हा बचाव त्याच दिवशी संपला.

निष्पाप प्रकाशन, कलम ३. ज्याला कार्यवाही प्रलंबित असल्याचे माहीत नव्हते त्याच्यासाठी ही तरतूद आहे. इथे गैरलागू.

सूत्राचे नाव सांगणे. वार्ताहर तयार नव्हता. त्याला वाटत होते की कायदा त्याचे रक्षण करतो. प्रेस कौन्सिल अधिनियमातले सूत्र न उघडण्याचे संरक्षण फक्त कौन्सिलपुढच्या कार्यवाहीपुरते आहे. न्यायालयापुढे पत्रकाराला तसा वैधानिक विशेषाधिकार नाही. वकिलाने मात्र नाव देण्याचा आग्रह धरला नाही, आणि तो सल्ला बरोबर होता. नाव दिल्याने ऐकीव गोष्ट पुरावा झाली नसती. फक्त एक माणूस आणखी अडकला असता.

माफी न मागता शिक्षा पत्करणे. या वाटेला मोठी परंपरा आहे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांचे पत्र 'यंग इंडिया'त छापून त्यावर टीका केल्याबद्दल गांधीजी आणि महादेव देसाई यांच्यावर मुंबई उच्च न्यायालयात कार्यवाही झाली. त्यांनी माफी नाकारली, आणि १९२० मध्ये न्यायालयाने कडक समज देऊन प्रकरण संपवले. संपादकांना हे उदाहरण भावले होते. पण गांधीजींनी छापलेले पत्र अस्सल होते. छापले ते खरे आहे या पायावर ते उभे होते. खोट्या निघालेल्या बातमीसाठी ही वाट नाही. हे संपादकांना त्यांच्याच वकिलाने स्पष्ट सांगितले, त्याबद्दल त्याचे कौतुक वाटते.

उरली बिनशर्त माफी.

काय केले, आणि कुठे चुकले

पहिले प्रतिज्ञापत्र नऊ पानांचे होते. सात पानांत वाळू माफियाविरुद्ध दैनिकाने दिलेल्या लढ्याचा इतिहास, आठव्यावर 'अर्थपूर्ण' म्हणजे 'महत्त्वाचा' असा कोशातला अर्थ, आणि नवव्यावर 'माननीय न्यायालयाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत'.

यात दोन घोडचुका होत्या. समर्थन आणि माफी एकत्र नांदत नाहीत. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने एम. वाय. शरीफ प्रकरणात १९५४ मध्ये सांगितली. तो वाद नागपूरच्या उच्च न्यायालयातून आलेला. दुसरी चूक शब्दार्थाची. खंडपीठाने दैनिकाच्याच मागच्या अंकांतील बातम्यांत तो शब्द अवतरणात कोणत्या अर्थाने येतो हे विचारले, तेव्हा उत्तर नव्हते. सशर्त असणे एवढ्याच कारणावरून माफी फेटाळू नये, असे कलम १२ चे स्पष्टीकरण सांगते, पण ती प्रामाणिक असावी लागते. 'दुखावल्या असतील तर' या शब्दांत चूक कबूलच होत नाही.

त्याच सुमारास सातव्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, दोन इंचांचा खुलासा छापला गेला. मूळ बातमी पहिल्या पानावर चार कॉलमांत होती. शिवाय ई-पेपरमधले जुने पान, संकेतस्थळावरची बातमी आणि तिचे समाजमाध्यमावरचे चित्रपत्र तसेच होते. सुनावणीच्या सकाळी न्यायालयातूनच कोणीतरी ते मोबाईलवर उघडून दाखवले. तिघांनाही यापुढे प्रत्येक तारखेला जातीने हजर राहण्याचा आदेश झाला आणि नवीन प्रतिज्ञापत्रासाठी दोन आठवडे मिळाले.

दुसरे प्रतिज्ञापत्र दीड पानांचे होते. त्यात इतकेच : आदेशाची प्रत न वाचता बातमी दिली, नात्याचा मजकूर पडताळला नाही आणि तो खोटा आहे, मथळ्यातून लाचेचा आरोप सूचित होतो हे मान्य आहे, त्याला कोणतेही समर्थन नाही, बिनशर्त माफी. तिघांनी स्वतंत्र प्रतिज्ञापत्रे दिली, हेही महत्त्वाचे. एकाच कागदावर तिघांच्या सह्या असल्या की जबाबदारी कोणाची हे धूसर होते. त्याआधीच्या रविवारी पहिल्या पानावर, मूळ बातमीच्या जागी आणि तेवढ्याच कॉलमांत, खुलासा छापला होता. खुलाशात जामीन का मिळाला याचे कारण साध्या मराठीत दिले होते. डिजिटल प्रती काढून त्या जागी खुलासा ठेवला होता आणि त्याचे छापील पुरावे प्रतिज्ञापत्राला जोडले होते.

निष्पत्ती

खंडपीठाने माफी स्वीकारून नोटीस मागे घेतली. संपादक आणि प्रकाशकाला खर्चाची रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात भरायला सांगितली, वार्ताहराला समज दिली. शिक्षा झाली असती तर खंडपीठाच्या आदेशाविरुद्ध कलम १९ नुसार सर्वोच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील करता आले असते. ती वेळ आली नाही. पहिल्या नोटिशीपासून शेवटपर्यंत सात महिने गेले.

न्यायदंडाधिकाऱ्यांची दरम्यान नियमित बदली झाली. बदलीचा बातमीशी संबंध नव्हता, पण गावात तो जोडला गेला. खुलासा कितीही ठळक छापला तरी हे नुकसान भरून निघत नाही.

वेगळे काय करता आले असते

वार्ताहराच्या पातळीवर उत्तर सोपे आहे : आदेश. प्रमाणित नक्कल मिळायला वेळ लागतो, पण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बहुतेक आदेश पाहता येतात, आणि सरकारी वकील किंवा आरोपीचा वकील प्रत दाखवतात. आदेश हाती आला की आधी कलम पाहावे. १६७(२) किंवा आता १८७(३) दिसले तर न्यायाधीशाला निवडीला वाव नव्हता हे तिथेच कळते. मग पुढचा प्रश्न न्यायालयाला विचारायचा उरतच नाही. तो पोलीस ठाण्याला विचारायचा.

डेस्कच्या पातळीवर, न्यायालयाच्या बातमीचा मथळा बदलला तर तो वार्ताहराला वाचून दाखवणे आणि हेतू सुचवणारा शब्द असेल तर संपादकाला फोन करणे. पाच मिनिटांचे काम आहे. 'चर्चा आहे' हे शब्द न्यायाधीशाच्या संदर्भात आले की वाक्य काढून टाकावे. त्याला दुरुस्ती नाही.

न्यायाधीशाच्या सचोटीबद्दल खरोखर संशय आला आणि हातात काही कागद असला, तर? गप्प बसावे असे मुळीच नाही. कलम ६ नुसार कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याविषयी उच्च न्यायालयाकडे प्रामाणिकपणे केलेले निवेदन अवमान ठरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार या अधिकाऱ्यांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचेच असते आणि तिथे दक्षता विभाग असतो. तक्रार प्रतिज्ञापत्रावर आणि पडताळता येईल अशा कागदांसह द्यावी. निनावी अर्जावर काही होत नाही. या प्रकरणात भागीदारी संस्थेचा उतारा तक्रारीसाठी आधीच काढला असता, तर तक्रारीची आणि बातमीची, दोन्हींची गरज नाही हे तेव्हाच समजले असते.

आणि बातमी तर होतीच. 'साठ दिवसांत दोषारोपपत्र नाही. वाळू प्रकरणातील ठेकेदार जामिनावर' हा मथळा पूर्ण सुरक्षित होता, कलम ४ च्या संरक्षणात बसत होता, आणि पहिल्या पानाच्याच लायकीचा होता. वाळूच्या गुन्ह्यात साठ दिवस पोलिसांना कशाला अपुरे पडले? पंचनामा, तलाठ्याचा जबाब आणि जप्त ट्रॅक्टर पहिल्या आठवड्यातच हाती होते. मुदत संपल्यावर काही तासांत तयार दोषारोपपत्र कोर्टात येते, तर ते आदल्या दिवशी का आले नाही? हे प्रश्न त्या संध्याकाळी कोर्टाच्या आवारातच उभे होते, आणि तपास अधिकारीही तिथेच होते. तपास अधिकाऱ्याकडे त्या उशिराचा खुलासा कोणी मागितला का, हे त्या दैनिकात अजूनपर्यंत छापून आलेले नाही.